बांधावरचे झाड आणि कायदा



"रान माझं, झाड माझं, मग तोडायला विचारायचं कुणाला?" हा प्रश्न आपल्या गावागावांतून नेहमी ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे. झाडाला लहानपणी पाणी घातले ते शेतकऱ्याने, गुराढोरांपासून राखले ते शेतकऱ्याने, आणि त्याच्या सावलीमुळे खालचे पीक कमी आले तर तो तोटाही सोसला शेतकऱ्यानेच. मग त्याच झाडावर कुऱ्हाड घालायची वेळ आली की सरकार मध्ये का येते? आणि न विचारता झाड पाडले तर होते तरी काय? आजच्या भाषणात याच दोन गोष्टींचा विचार करायचा आहे.

पहिली गोष्ट मालकीची. ती आधी नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्याबद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. काही लोकांना वाटते की सागवान आणि चंदन ही झाडे कुठेही उगवली तरी ती सरकारचीच. इंग्रजी अमलात काही मुलखांत सागवानासारखी मोलाची झाडे सरकारने आपल्याकडे राखून ठेवली होती, त्याची ही आठवण आहे. आजचा कायदा तसा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिच्या पंचविसाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की धारण जमिनीवरील झाडांचा हक्क जमीनधारकाचा आहे. सरकारने एखाद्या जमिनीतली झाडे मुद्दाम राखून ठेवली असतील तर गोष्ट वेगळी. एरवी झाड तुमचेच. परंतु त्याच कलमात पुढे असेही सांगितले आहे की जमिनीची धूप थांबवण्यासाठी गरज वाटली तर शासन झाडे तोडण्यावर बंदी किंवा नियंत्रण घालू शकते. म्हणजे हक्क तुमचा, पण तो बेलगाम नाही.

आता धुपीशी झाडाचा संबंध काय, हे डोंगरउतारावर शेती करणाऱ्याला सांगायला नको. उतारावरची झाडे गेली की पहिल्या दोन-चार पावसाळ्यांत वरची काळी माती ओढ्याला लागते. ती खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीत आणि पुढे धरणाच्या पोटात जाऊन बसते. तोडणारा एक आणि सोसणारे दहा, असा हा हिशेब आहे. म्हणून खाजगी जमिनीतल्या झाडालाही कायद्याने थोडे कुंपण घातलेले आहे.

हे कुंपण घालणारा ग्रामीण भागातला मुख्य कायदा म्हणजे १९६४ सालचा महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायदा. हा कायदा सगळ्याच झाडांना लागू नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवा. त्याला एक अनुसूची, म्हणजे यादी, जोडलेली आहे. त्या यादीतले झाड वृक्ष अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय तोडता येत नाही. यादीत कोणती झाडे आहेत? सागवान, चंदन, खैर, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, ऐन, किंजळ, बिबला, हळदू, तिवस, अंजन, आणि खाडीकाठची तिवरे.

ही नावे वाचताना सहज लक्षात येते की यादी नुसत्या इमारती लाकडाची नाही. मोह हा आदिवासी घराचा आधार आहे. त्याची फुले वेचून आणि टोळंबीचे तेल काढून कित्येक कुटुंबांचे उन्हाळ्याचे दिवस निघतात. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात हिरड्याच्या हंगामावर घरचा वर्षाचा बाजार अवलंबून असतो. विदर्भात ऐनाच्या पाल्यावर टसर रेशमाचे किडे पोसले जातात. तिवरांच्या मुळांत मासळी आणि खेकडे वाढतात, आणि भरतीच्या माऱ्यापासून खारजमिनीचा बांध वाचतो. आंबा, फणस, चिंच आणि जांभूळ तर आपल्या जेवणाच्या पानातच आहेत. जे झाड उभे असताना दरवर्षी काही ना काही देते, ते घाईने आडवे होऊ नये, असा या यादीचा अर्थ आहे.

निलगिरी, सुबाभूळ, सुरू यांसारखी झाडे या यादीत नाहीत. ती लवकर वाढतात आणि कापण्यासाठीच लावली जातात. बांबूचीही गोष्ट सांगतो. बांबू हे खरे पाहता गवत आहे. परंतु १९२७ च्या भारतीय वन कायद्यात त्याची गणना झाडांत केली होती. त्यामुळे स्वतःच्या परसातला बांबू तोडून बाजारात न्यायचा तरी अडचण यायची. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला.

आता परवानगी कशी मागायची? समजा, बांधावर एक जुना आंबा आहे, आतून पोकळ झाला आहे आणि वाऱ्यात घरावर येईल अशी भीती आहे. पहिले काम कुऱ्हाड उचलण्याचे नाही, अर्ज करण्याचे. अर्ज कुठे द्यायचा ते जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात किंवा तहसील कचेरीत कळते. अर्जासोबत सातबाराचा उतारा लागतो. सातबारावर भाऊबंदांची नावे असतील तर त्यांची संमती घ्यावी. झाडे विकण्याच्या व्यवहारात भावाभावांची जितकी भांडणे होतात तितकी जमिनीच्या वाटपातही होत नसतील. झाड ऐन हद्दीवर असेल तर ते कुणाच्या हद्दीत आहे याची खात्री मोजणीवरून करून घ्यावी. मग खात्याची माणसे येऊन झाड पाहतात, बुंध्याचा घेर मोजतात, पंचनामा करतात. झाड वाळलेले, रोगट, वाऱ्याने पडलेले किंवा जीविताला धोका देणारे असेल, तर परवानगी मिळण्यास सहसा अडचण येत नाही. एका झाडाच्या जागी दुसरे लावावे अशी अटही घातली जाते. ती अट कागदावर ठेवू नका. रोप लावलेले आणि जगलेले असले, म्हणजे पुढच्या अर्जाच्या वेळी तोंड वर करून बोलता येते.

लाकूड गावाबाहेर न्यायचे असेल तर आणखी एक पायरी आहे. ती म्हणजे वाहतूक पास. तोडण्याची परवानगी निराळी आणि नेण्याचा पास निराळा. पुष्कळ माणसे इथेच चुकतात. झाड कायदेशीर तोडले, पण पासाशिवाय गाडीत भरले, आणि गाडी नाक्यावर अडकली, असे प्रकार घडतात.

आदिवासी खातेदारांच्या बाबतीत अधिक जपावे लागते. व्यापाऱ्याने पाच-पन्नास रुपये हातावर ठेवून सबंध शेतातले सागवान नेले, असे प्रकार पूर्वी फार झाले. अशा विक्रीच्या व्यवहारांची फेरतपासणी करता यावी म्हणून १९६९ साली वेगळा कायदा करावा लागला. म्हणून आदिवासी बांधवांनी झाडांचा सौदा परस्पर कुणाशीही करू नये. महसूल आणि वन खात्याच्या मार्गानेच तो करावा. त्यात वेळ जातो हे खरे, पण झाडाची खरी किंमत पदरात पडते.

आता शिक्षेकडे वळू. परवानगीवाचून यादीतले झाड तोडले तर दोन गोष्टी होतात. दंड होतो, आणि तोडलेले लाकूड सरकारजमा होऊ शकते. कायदा फक्त कुऱ्हाड चालवणाऱ्या मजुराला धरत नाही, तर झाड तोडवून घेणाऱ्यालाही धरतो. "मी कुठं तोडलं, ठेकेदाराची माणसं आली होती," असे म्हणून मालकाला सुटता येत नाही. सौदा करताना व्यापारी नेहमी म्हणतो, "परवानगीचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त सही करा." ही सही फार महाग पडते. परवानगीचा कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि त्यावरचे गट नंबर व झाडांची संख्या ताडून घेतल्याशिवाय कुऱ्हाड लावू देऊ नका. परवानगी दहा झाडांची आणि तोड तीस झाडांची, हा प्रकार नवा नाही.

दंड किती, हे विचाराल. २०२४ साल उजाडले तेव्हा १९६४ च्या या कायद्याखालील दंडाची कमाल मर्यादा एक हजार रुपये होती. एक हजार! ज्या काळात हा कायदा झाला त्या काळी हजार रुपये म्हणजे मोठी रक्कम होती. आज तेवढ्यात झाड कापणाऱ्या मजुरांची दोन-तीन दिवसांची मजुरीही भागत नाही. मोठ्या व्यापाऱ्याने हा दंड शिक्षा म्हणून पाहिलाच नाही. गाडीभाडे, मजुरी आणि दंड असा तो खर्चाच्या वहीत मांडला. धाक उरला तो फक्त गरीब शेतकऱ्याला.

म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने ही मर्यादा पन्नास हजार रुपयांपर्यंत नेण्याचे ठरवले. तोडीसाठी वापरलेली हत्यारे आणि वाहने जप्त करण्याचीही त्यात तरतूद होती. यावर शेतकऱ्यांतून, विशेषतः कोकणातून, मोठी हरकत आली आणि हा विषय विधिमंडळातही वादाचा ठरला. दंडाचे आकडे असे बदलतात, म्हणून तोडीचा विचार करण्यापूर्वी आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात लागू असलेला आकडा विचारून घेत जा. ऐकीव आकड्यावर विसंबू नका.

हरकत घेणाऱ्यांचे म्हणणेही नीट ऐकण्यासारखे आहे. कोकणात वर्षभराचे सरपण, घराचे वासे, नांगर, होडीची फळी, हे सारे आपल्याच रानातून येते. एखाद्या ऐनाला किंवा किंजळीला पन्नास हजारांचा दंड म्हटला तर लहान शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न त्यात जाते. दुसरेही एक भय आहे. दंड जबर आणि परवानगी अवघड झाली, तर शेतकरी झाड वाढूच देणार नाही. बांधावर आपोआप उगवलेले सागाचे किंवा खैराचे रोप हातभर असतानाच तो उपटून टाकील. "मोठं झालं की कटकट, त्यापेक्षा आत्ताच काढा," असे म्हणणारी माणसे तुम्हांला तुमच्याही गावात भेटतील. असे झाले तर झाड वाचवायला केलेला कायदा झाडाच्याच मुळावर येईल.

मग कडक शिक्षा नकोच का? तसेही नाही. शहरांचे उदाहरण घ्या. नगरपालिका आणि महानगरपालिकांच्या हद्दीत १९७५ चा वेगळा वृक्षसंरक्षण कायदा आहे. त्यात झाड तोडणे म्हणजे नुसते कापणे नव्हे. जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही तोडण्यातच मोडते. रात्री बुंध्याशी जाळ करायचा आणि सकाळी "झाड आपोआप वाळलं" म्हणायचे, ही युक्ती तिथे कामाची नाही. त्या कायद्यात प्रत्येक गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड आणि एक आठवड्यापासून एक वर्षापर्यंत कैद अशी मूळची तरतूद होती. २०२१ च्या दुरुस्तीने दंडाची मर्यादा एक लाख रुपयांपर्यंत गेली. पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला पुरातन वृक्ष मानावे, आणि झाड तोडायची वेळ आलीच तर त्याच्या वयाइतकी रोपे लावावीत, असेही त्याच वेळी ठरले. साठ वर्षांच्या झाडामागे साठ रोपे! गावातल्या मुलांनी करून पाहावा असा हा हिशेब आहे. तुमचे गाव नगरपंचायतीच्या किंवा पालिकेच्या हद्दीत आले असेल, तर हाच कायदा तुमच्या परसातल्या झाडाला लागतो, हे विसरू नका.

आणखी एक उदाहरण उत्तर प्रदेशातले आहे, आणि ते खाजगी जमिनीचेच आहे. आग्र्याच्या ताजमहालाभोवती सुमारे दहा हजार चारशे चौरस किलोमीटरचा टापू हवेच्या शुद्धीसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आहे. या टापूत मथुरा-वृंदावनजवळ एका खाजगी जमिनीत आणि तिच्या लगतच्या रस्त्याच्या कडेला सप्टेंबर २०२४ मध्ये एका रात्रीत ४५४ झाडे तोडण्यात आली. परवानगी नव्हती. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : प्रत्येक झाडामागे एक लाख रुपये दंड. म्हणजे एकूण चार कोटी चौपन्न लाख! दंड कमी करावा ही विनंती न्यायालयाने मानली नाही. गेलेली हिरवाई पुन्हा उभी राहण्यास निदान शंभर वर्षे लागतील, असे न्यायालयाने सांगितले. त्या टापूत खाजगी जमिनीवरच्या झाडांसाठी २०१९ साली दिलेली परवानगीची सवलतही न्यायालयाने परत घेतली. एका माणसाच्या हावेपायी भोवतालच्या सगळ्या शेतकऱ्यांची सवलत गेली, ही या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे.

आपल्याकडेही हे घडलेले आहे. सिंधुदुर्गात सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या बेसुमार तोडीचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि २०१३ साली त्या पट्ट्यात झाडे तोडण्यावर न्यायालयाने बंदी घातली. थोड्यांनी लूट केली की नियम सर्वांनाच जाचक होतात. म्हणून शेजारच्या रानात रात्री यंत्राचा आवाज आला तर "आपल्याला काय करायचंय" असे म्हणून कूस बदलू नये. त्या आवाजाची किंमत उद्या आपल्यालाही मोजावी लागते.

दंड असावा, पण माणूस आणि हेतू पाहून असावा, असे मला वाटते. म्हातारीच्या चुलीसाठी वाळकी फांदी तोडणारा आणि रात्रीतून ट्रक भरणारा, हे दोघे एका तागडीत घालता येत नाहीत. पहिल्याला समज द्यावी आणि एक रोप लावायला सांगावे. दुसऱ्याला असा दंड व्हावा की धंद्यात नफा उरू नये. आणि तिसरी गोष्ट, सचोटीने अर्ज करणाऱ्याला परवानगी वेळेवर मिळावी. कचेरीच्या पायऱ्या झिजवून माणूस थकला की तो व्यापाऱ्याच्या हाती जातो. कायदा पाळणे हे मोडण्यापेक्षा सोपे असले पाहिजे.

हा विवेक आपल्या मातीला परका नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचा विचार आलेला आहे. आंबा-फणसाचे लाकूड जहाजांना उपयोगी असले तरी रयतेच्या या झाडांना हात लावू देऊ नये, कारण लोकांनी ती पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे, जबरदस्ती करू नये, असा त्याचा आशय आहे. त्या काळी सरकारच्या कुऱ्हाडीपासून रयतेचे झाड वाचवायचे होते. आज कधी व्यापाऱ्याच्या आणि कधी आपल्याच कुऱ्हाडीपासून वाचवायचे आहे. झाड वाढायला लागणारा काळ मात्र तेव्हा होता तितकाच आजही आहे.

शिक्षक मित्रांनो, यात तुमचे काम मोठे आहे. कायद्याचे पुस्तक मुलांपुढे वाचून उपयोग नाही. त्याऐवजी वर्गाची एक झाडवही करा. वर सांगितलेल्या यादीतली कोणती झाडे आपल्या गावात आहेत, ती कुणाच्या बांधावर आहेत, आणि जमिनीपासून साडेचार फुटांवर त्यांच्या बुंध्याचा घेर किती भरतो, हे मुलांनी सुतळी आणि मोजपट्टी घेऊन लिहून काढावे. मोजताना मालकाला आधी विचारावे. त्याच्या मनात "हे कशाला मोजतात" अशी शंका राहू देऊ नये. म्हाताऱ्या माणसांना विचारून झाड कुणी लावले तेही नोंदवावे. दरवर्षी एकदा मोजणी करावी. गणित, भूगोल आणि गावाचा इतिहास तिन्ही त्यात येतात. आणि ज्या झाडाचा घेर मुलाने स्वतः मोजला, ते झाड पुढे तो सहजासहजी पाडू देत नाही. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवली तर तंटा झाल्यास तीही कामास येते.

शेतकरी बंधूंनो, आपल्या ध्यानात राहावे म्हणून थोडक्यात पुन्हा सांगतो. झाड तुमचे आहे, पण यादीतले झाड विचारल्याशिवाय तोडू नका. परवानगीचा कागद स्वतः पाहा, स्वतः जपून ठेवा. पासाशिवाय लाकूड हलवू नका. कोऱ्या कागदावर सही करू नका. मुलीचे लग्न किंवा दवाखान्याचा खर्च निघाला आणि झाड विकावेच लागले, तर निदान चार ठिकाणी भाव काढा आणि वन खात्याकडून घनफूट मोजून घ्या. अडलेल्या माणसाचे झाडच सर्वांत स्वस्त जाते. आणि तोडलेल्या झाडाच्या जागी त्याच पावसाळ्यात नवे रोप लावा. त्याची फळे आपल्याला मिळतील न मिळतील. आज आपण ज्या आंब्याखाली बसतो, तोही लावणाऱ्याने आपल्यासाठीच लावला होता.